मागच्या चाकाचं रडगाणं

पाळणाविधीच्या आदल्या दिवशीच शेरालीच्या मोटारसायकलचं मागचं चाक रडायला लागलं. बाजारातून परतताना गावाकडच्या उतारावर बारीक, चिवट आवाज सुरू झाला, "ऊंऽऽऽ".

"बेअरिंग!" शेरालीने तिथल्या तिथे निकाल दिला. उभा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेला माणूस तो. बिघाडाचं नाव घ्यायला त्याला वेळ लागत नसे. तरी खातरजमा म्हणून त्याने भर उतारावर इंजिन बंद केलं. गाडी घरंगळत सुसाट निघाली आणि आवाज आणखी चढला.

"बघ! इंजिन बंद, तरी आवाज. म्हणजे दोष चाकातच."

मागे बसलेली त्याची बायको बुरमा काहीच बोलली नाही. उतारावर ती कधीच बोलत नसे.

घरी येताच शेरालीने गाडी स्टँडवर चढवून चाक हाताने फिरवलं. चाक गप्प. "वजन पडल्याशिवाय नाही बोलायचं ते," म्हणत त्याने चाक उतरवलं, बेअरिंग बदललं, साखळीला तेल पाजलं. शेजारचा ओमुरकान कुंपणावर कोपर टेकून बघत होता.

"ब्रेकच्या पट्ट्या घासत असतील," तो म्हणाला.

"तू घोडेवाला. तू नाल बघ."

पण ओमुरकान वजनाने दोन बायकांच्या बरोबरीचा होता, म्हणून चाचणीला त्यालाच मागे बसवलं. त्याच उतारावरून दोघे खाली आले. ओमुरकान वाटभर आपल्या घोडीचं कौतुक सांगत होता आणि चाकातून हूं की चूं नाही.

"गेला आजार," शेरालीने हात पुसले.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको निघाले. बुरमाच्या धाकट्या भावाचा तंबू खिंडीपलीकडच्या कुरणात होता. त्याच्या पहिल्या बाळाला आज पाळण्यात घालायचं होतं, आणि पाळण्याचे पट्टे बांधायचा मान थोरल्या आत्याचा, म्हणजे बुरमाचा. ती रेशमी रुमाल बांधून, पट्ट्यांचं गाठोडं पोटाशी धरून बसली होती. चढ निमूटपणे पार पडला. खिंड ओलांडून गाडी पलीकडच्या वळणांना लागली आणि मागून आलंच, "ऊंऽऽऽ".

शेराली थांबला. रस्त्याच्या कडेला पुन्हा पाने निघाले, पुन्हा चाक सुटलं.

"अहो, चला ना! तिथे माझ्या भावजयीची आई हात धुऊन बसली असेल पाळण्यापाशी. उशीर झाला की म्हणेल, आत्याबाई काही आल्या नाहीत, मीच बांधते."

"चाक निखळून दरीत गेलं तर तू काय बांधणार? थांब जरा."

चाक पुन्हा चढेपर्यंत ओमुरकान घोडीवरून तिथे पोचला. मेजवानीचं आमंत्रण त्यालाही होतं. "तू हळू चालव," तो म्हणाला, "मी बाजूने येतो आणि ऐकतो. बाहेरच्या कानाला नीट कळतं."

पहिल्याच वळणावर आवाज आला. ओमुरकान खोगिरावरून वाकला. आधी चाकाशी कान नेला, मग थोडा वर, मग आणखी थोडा वर. आणि एवढा हसला की घोडी बिचकली.

"शेराली, थांब! चाकाचा काही गुन्हा नाही. वहिनींच्या दातांतून येतंय ते!"

"माझ्या?" बुरमा खाली उतरली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी काही भित्री नाही हं! लांडग्याला काठीने पिटाळलंय मी!"

"मग रडतेस कशाला?" शेरालीने विचारलं.

"वळणावर हात सोडून टोपी सारखी करता, म्हणून! काल तर उतारावर इंजिनच बंद केलंत! लांडगा बरा, तो निदान समोर बघून धावतो." तिने गाठोडं त्याच्या हातात कोंबलं. "सरका मागे. लग्नाआधी दुधाचे कॅन मीच पोचवायचे असल्याच गाडीवरून."

"बस की! क्लच कुठला, तेवढं आठवतंय ना?" शेराली ऐटीत मागे बसला.

बुरमाने रुमालाची गाठ घट्ट केली, गियर टाकला आणि गाडी सोडली. ओमुरकानची घोडी बघता बघता मागे पडली. बाई चालवत होती झकास. वळणं कापत होती, खड्डे चुकवत होती. फक्त तिसऱ्या वळणापासून मागून आवाज येऊ लागला. या वेळचा जरा जाडसर होता.

"ऐकू येतंय का हो?" ती ओरडली.

मागून उत्तर म्हणून आवाज तेवढा वाढला.

तंबूशी गाडी थांबली तेव्हा भावजयीच्या आईने बाळाला मांडीवरून उचललंच होतं. बुरमाने धावत जाऊन हात धुतले, बाळ आपल्याकडे घेतलं आणि पाळण्यापाशी बसून पहिली गाठ मारली.

बाहेर शेराली गाडीला धरून उभा होता. मेव्हणा काळजीने जवळ आला.

"दाजी, तुमची गाडी लांबूनच ऐकू येत होती. काय बिघडलंय हो?"

"मागचं बेअरिंग," शेराली ठासून म्हणाला. "डोळे मिटून सांगतो."

"खरं आहे रे," आतून बुरमाचा आवाज आला. "आरशात दिसत होते ना मला. सबंध उतारभर मिटलेलेच होते."