भागीरथा पायी निघाली

वजन कमी करणं अगदी सोपं आहे. मी स्वतः केलंय, म्हणून सांगते. मध्ये एकदा संसार मोडायची वेळ येते, तेवढं सोडलं तर त्यात अवघड असं काहीच नाही!

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. ब्रह्मपुरीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दिवसभर मशीनवर बसायचं आणि तिन्ही वेळा भात खायचा. आमच्या धानाच्या मुलखात भाताला जेवण म्हणतात, बाकी सगळं तोंडी लावणं! चाळिशी आली आणि मशीन चालवताना गुडघे जुन्या दारासारखे कुरकुरायला लागले. दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाईंनी गोळी द्यायच्या आधी वजन विचारलं.

माझे मिस्टर, मुखरू, राइस मिलमध्ये काट्यावर होते. मी तिथंच जाऊन काट्यावर उभी राहिले. त्यांनी आकडा पाहिला आणि सवयीनं हाळी दिली, "पाऊण क्विंटल, वर तीन किलो!" एक हमाल मला उचलायला निघालाच होता.

"उपास नको, पावडर नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भात अर्धा करा, भाजी दुप्पट करा. चहासोबतचं फरसाण बंद. रोज सकाळी अर्धा तास चाला. महिन्याला एक किलो उतरलं तरी पुष्कळ. घाई करायची नाही."

एवढंच? मी दुसऱ्याच दिवशी सुरू केलं.

पहिल्या दिवशी ताटात एकच वाटी भात घेतला. मुखरू घास हातात धरून पाहत राहिले. "रागावली का?"

"नाई."

"मग भात काऊन नाई घेत?"

"नको आहे."

त्यांनी तो घास तोंडात घातला. तसेही ते फार बोलत नाहीत. दिवसभर पोती मोजणारा माणूस घरी आल्यावर शब्दही मोजूनच काढतो.

चालायला मी नागभीडचा रस्ता धरला. तो सरळ आहे, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, कुत्री कमी. पायात मिस्टरांचे कॅनव्हासचे जोडे घालायची. ते गावातून घालून जायची लाज वाटे, म्हणून वेशीपर्यंत चपला, वेशीबाहेर जोडे, आणि चपला पिशवीत. आता नीट ऐका. नागभीड हे माझं माहेर. आणि मी रोज सकाळी, हातात पिशवी घेऊन, एकटी, नागभीडच्या रस्त्यानं पायी चालले होते. मला यात काही वावगं दिसलं नाही!

तिसऱ्या दिवशी एसटी थांबली. भर रस्त्यात, हात न दाखवता! अशी एसटी आमच्याकडं कुणासाठी थांबत नाही.

"बसा बाई," ड्रायव्हर म्हणाला. "माहेरी जाऊन राह्यल्या ना?"

"नाई जी. परत येतो."

"परत कुठी?"

"घरी."

"मग निघाल्या कायले?"

"पायीच जातो," असं म्हणून मी चालू लागले. गाडी थोडा वेळ माझ्या बाजूनं बैलगाडीच्या चालीनं चालली. चाळीस माणसं खिडक्यांतून हळहळत होती. त्यात माझ्या माहेरच्या शेजारीण कांताबाई होत्या, हे मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी काय उपयोग!

दुपारच्या आत नागभीडला बातमी पोचली. भागीरथेनं अन्न सोडलं. भागीरथा घर सोडून निघाली. एसटीत बसवत होते, तर बसलीसुद्धा नाही, एवढी दुःखात होती! अन्न सोडल्याचं त्यांना कुणी सांगितलं, ते आजपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या कडुनिंबापर्यंत पोचते तोच समोरून जीप आली. जीपमधून माझा धाकटा भाऊ पत्रू उतरला, मागून सुकलूमामा उतरले, आणि त्यांच्यामागून कांताबाई डोळ्यांना पदर लावून.

"बाई!" पत्रू ओरडला. "हे जोडे कोनाचे?"

"तुह्या भाऊजीचे."

"नवऱ्याचे जोडे घालून पळाली, मामा! चप्पल घालायलेबी टाइम नाई भेटला!"

मामांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन उघडली. आत चपला. "बस, चपलाच?" त्यांनी पिशवी पत्रूला दाखवली. "एक लुगडंबी घेऊ नाई देलं पोरीले?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण कांताबाईंनी मला छातीशी धरलं, आणि त्यांच्या छातीशी धरलेल्या माणसाला बोलता येत नाही. मला जीपमध्ये घालून सगळे आमच्या दारात आले. मुखरू अंगणात दात घासत होते.

"बोला भाऊजी, का केलं तुम्ही बाईले?" पत्रूनं विचारलं.

मुखरूंनी तोंडातला फेस थुंकला. "मी काई नाई म्हनलो. थे जेवत नाई."

"बायको जेवत नाई, अन् तुम्ही काई म्हनलेबी नाई?"

"मी फक्त तिले तोललो."

मामा हळूच म्हणाले, "कुठी?"

"मिलमंदी. काट्यावर."

"पोत्यावानी?" मामा मटकन ओट्यावर बसले. "आमची पोरगी पोत्यावानी तोलली?"

एवढ्यात मुखरू उठून आत गेले. मी मागं गेले. ते चुलीजवळ उभे होते, टूथब्रश तसाच हातात. म्हणाले, "तू खरंच जाऊन राह्यली होती का?"

"कुठी?"

"रोज सकाळी निघते, त मी मिलमंदी जात नाई. तू परत येतपर्यंत इथीच बसून राहतो. मुकादम बोलते."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. मी त्यांना म्हटलं, "अहो, गुडघे दुखतात म्हणून चालते मी!" ते खाली बसले आणि किती तरी वेळ नुसते हसत राहिले.

बाहेर येऊन मी डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला. मामांनी तो उलटा धरून वाचला आणि निकाल दिला. एक, भागीरथेनं आत्ता सगळ्यांसमोर पोटभर जेवावं. दोन, उद्यापासून मुखरूनं रोज तिच्यासोबत चालावं, म्हणजे लोक बोलणार नाहीत.

पत्रूनं कोंबडा आणला. प्रत्येकानं मला स्वतःच्या हातानं घास भरवला, मामांनी तीन. त्या एका दिवशी माझं चार दिवसांचं चालणं वाया गेलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा भात, दुप्पट भाजी, आणि चालायला आम्ही दोघं.

वर्षभरात माझं नऊ किलो वजन उतरलं. खरंच उतरलं! गुडघ्यांची कुरकुर थांबली. पण साडीच्या आत गेलेलं ते कुणालाच दिसलं नाही. मुखरू मात्र मुळात काडीसारखे. त्यांचे चार किलो गेले, ते अख्ख्या गावाला दिसले! बातमी मुखरूंच्या गावी, सावलीला, पोचली आणि तिथून माझ्या सासूबाई तांदळाची थैली घेऊन आल्या. दारातच लेकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माह्या लेकाले जेवाले देत नाई का वं?"

"देतो ना आत्या. आम्ही फक्त चालतो."

"उद्यापासून मीबी येतो. पाहतो, रस्त्यानं त्याले का करतेस त!"

महिनाभर त्या आमच्यासोबत आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, अनवाणी, पण दहाव्या मिनिटाला दिसेनाशी व्हायची. आम्ही पोचायचो तेव्हा त्या फाट्यावर बसलेल्या असायच्या आणि दर थांबणाऱ्या जीपवाल्याला सांगत असायच्या, "नाई बाप्पा, मले नाई जायचं कुठी. सून येऊन राह्यली मांगून. जरा लठ्ठ हाये, टाइम लागते."