भिंतीतील रोपाची ओळख पटविल्याची मोहीम

धरणीने लातूर मुलूख गदगदा हालविला त्यास काही साले लोटली, पडली घरे उठली, आणि घरोघर डॉक्टर होऊ पाहणारी लेकरे भाड्याने उतरली, ऐसे समयी राजश्री बसलिंगप्पा किराणावाले यांचे घरी जे रण माजले, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

भूकंपात आप्पांच्या घराच्या साऱ्या भिंती बसल्या, परंतु शेजारी जिलानी गवंडी यांच्याशी सामाईक असलेली दगडी भिंत तेवढी उभी राहिली. आप्पांस तिचा अभिमान थोर. त्या भिंतीच्या फटीत एक रोप उगवले, आणि मूळ आत घुसले, आणि चिरे सुटो लागले. आप्पांनी विळा मागविला, तोच त्यांचे कुटुंब लक्ष्मम्मा आडव्या आल्या, की रोप पिंपळाचे असेल तर हात लावू नये, मुंजा घर धरील. दुसरे काही असेल तर खुशाल छाटावे. मग रोप कोणते, याचा निवाडा होईतो भिंतीचे प्राण कंठी आले.

ओळख सोपी होती. पिंपळाच्या पानास लांब शेपूट असते. परंतु जिलानींच्या बेगम सुलतानबी यांची शेळी पत्र्यावर चढोन सारी शेपटे खाऊन गेली, आणि पुरावा पोटात गडप जाहला.

मग जुन्या चालीस अनुसरून आप्पांनी जिलानींस अर्ज केला, की तुम्हांस मुंजाची बाधा नाही, तुम्हीच उपटावे. जिलानी भिंतीपलीकडून वदले, "आप्पा, मुंजा काय जात इचारून मानगुटीवर बसतो का? भिंत दोघांची, मंग मुंजाबी दोघांचा!" मसलत फसली.

उपरांत भाडेकरीण सुकन्या देवणीकर, जिला वनस्पतिशास्त्र मुखोद्गत, तिला पाचारण केले. तिने पान उलटेपालटे न्याहाळोन चार पर्याय मांडिले: पिंपळ, वड, उंबर, वरीलपैकी एकही नाही. परंतु एकावरही खूण केली नाही.

"आप्पा, खात्री नसताना म्या उत्तर न्हाई देत. चुकलं तर गुण कापतेत."

आप्पांनी चौथ्या पर्यायाची आशा धरोन विळ्यास हात घातला. लक्ष्मम्मा कडाडल्या, "एकही न्हाई म्हनं! बिननावाचं झाड असतंय व्हय?"

शेवटी सुलतानबींनी तोड काढिली. "वारा पडल्यावर बघा की. पिंपळाचं पान वाऱ्याबिगर हालतंय."

वैशाखाची दुपार, चुलीचा धूर सरळ वर जातो, ऐसा मुहूर्त धरोन दोन्ही घरची फौज भिंतीखाली मोर्चे लावून बसली. पान हालू नये म्हणोन आप्पांनी मनातल्या मनात महादेवास साकडे घातले. आणि पान हालले. मग दुसरे हालले, आणि सारे रोप लटलट कापो लागले. वाऱ्यावाचून हालताना पाहताच पिंपळाची आठवण कोणास राहिली नाही.

"हाललं! भाईर पळा!"

ही आरोळी उठताच फौज फुटली. आप्पा आघाडीस, मागे लक्ष्मम्मा, मागे सुकन्या, मागे जिलानी बेगमेसह. आणि त्यांस पाहोन सारी गल्ली चुलीवरचे कालवण टाकोन मैदानात जमा जाहली. जिलानींनी जमिनीवर दोन्ही पंजे टेकिले. धरणी गप्प होती.

सुलतानबी दम खाऊन म्हणाल्या, "अहो, पान हालतंय का तेच बघायला बसलो होतो ना आपन?"

"पर्याय पहिला," सुकन्या म्हणाली. "आता खात्री हाय."

सारी गल्ली हसली, एकटे आप्पा हसले नाहीत. छाटावे तर पिंपळ, राखावे तर मूळ भिंत उलथवील, आणि भिंतीलगत सुकन्येची खाट. आप्पा परत येऊन भिंतीस पाठ लावून बसले. मग त्यांचाच हुकूम सुटला: भिंत उतरवावी, परंतु मूळ तुटो नये.

जिलानींनी एकेक चिरा सोडविला, आप्पांनी खासा हाते उतरोन घेतला. मूळ थेट पायापर्यंत गेले होते. रोप मैदानाच्या कडेस लाविले, लक्ष्मम्मांनी पाणी घातले.

येणेप्रमाणे ओळख पटली, रोप जगले, माणूस एकही दगावला नाही. धरणीकंपास न नमलेली भिंत तेवढी कामी आली. फत्ते बसलिंगप्पांच्या नावे लिहिली, आणि ती त्यांनी उपरण्याने डोळे पुशीत कबूल केली.