सचिवांचं ‘बरं’

शिंपीणबाईंच्या घरात ‘बरं’ या शब्दाला काही अर्थ उरला नव्हता. न्हाणीघरातला नळ गळतोय म्हटलं की त्यांचे यजमान म्हणत, “बरं.” नळ गळत राही. मशीनवरचा दिवा मिणमिणतोय, बदलायला हवा म्हटलं की पुन्हा, “बरं.” आपण एकदा माझ्या बहिणीकडे जाऊन येऊ या म्हटलं तर जरा जास्त मायेनं, “बरं, बरं.” एव्हाना बहिणीनं तीन घरं बदलली होती आणि बाईंनी त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर निदान कडाकडा भांडता आलं असतं. पण ‘बरं’शी भांडणार कसं? तीस वर्षांचं असं ते भिजत घोंगडं होतं.

याच गुणावर यजमान वसाहतीच्या समितीचे सचिव म्हणून बिनविरोध निवडून आले होते. त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलेला माणूस समाधानानं परत येई आणि तक्रार तिथेच राही.

म्हणूनच पतंगांच्या चमूनं ‘बरं’ हाच इशाऱ्याचा शब्द ठरवला तेव्हा बाईंनी जोरदार विरोध केला. चमू चौघांचा होता: दातांच्या डॉक्टरीणबाई, चष्म्याच्या दुकानाचे मालक, गाडी शिकवणारे ड्रायव्हिंगमास्तर आणि स्वतः बाई. त्यांचे पतंग एका दोरीनं आभाळात चढवून गच्चीवर मिरवायचे पतंग नव्हते. प्रत्येकाला दोन दोऱ्या, दोन्ही हातांत दोन मुठी. उजवी मूठ ओढली की पतंग उजवीकडे वळे, डावी ओढली की डावीकडे. कुणी कुणाचा पतंग कापायचा नाही. उलट चौघांनी एका ओळीत, एकाच वेळी, एकसारखं वळायचं. म्हणून मास्तर आधी काय करायचं ते सांगत, “उजवं वळण,” आणि मग इशारा देत. इशारा आला की सगळ्यांनी वळायचं. पुढे नुसता इशारा आला तर तेच वळण पुन्हा घ्यायचं. मधे कुणी आपली अक्कल चालवायची नाही, कारण एकानं अक्कल चालवली की चार पतंगांचा एक गुंता होतो.

“‘हां’ म्हटलं तर वाऱ्यात ऐकू येत नाही,” मास्तर म्हणाले. “‘वळा’ म्हटलं तर डॉक्टर स्वतःच वळून बघतात. माझ्या गाडीत सगळे ‘बरं’ म्हटलं की क्लच सोडतात. शब्द एकदम सिद्ध झालेला आहे.”

“आमच्याकडे त्या शब्दानं काहीच होत नाही,” बाई म्हणाल्या.

तिघं विरुद्ध एक, असा शब्द पक्का झाला.

बाई या नादाला लागल्या त्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांचा फाटलेला पतंग शिवायला आला होता. कापड इतकं हलकं आणि चिवट की बाईंना राहवेना. शिवून झाल्यावर त्या तो द्यायला मैदानावर गेल्या आणि डॉक्टरीणबाईंनी मुठी त्यांच्या हातात दिल्या. बाईंनी उजवा हात जरासा मागे घेतला आणि तिकडे लांब, उंच, काहीतरी लगेच उजवीकडे वळलं. पुन्हा सांगावं लागलं नाही. आठवण करून द्यावी लागली नाही. बाई तिथेच उभ्या राहून हसायला लागल्या. त्या दिवसापासून रविवारची सकाळ त्यांची झाली. घरी नाश्ता झाकून ठेवलेला असे, आणि तो कुठे ठेवलाय हे सांगायलाही त्या थांबत नसत.

मग एका रविवारी मास्तरांचा पतंग वाऱ्याच्या सपाट्यात गेला आणि समितीच्या अध्यक्षांच्या गॅलरीतली वाळत घातलेली चादर घेऊन परत आला. चादर धुऊन, इस्त्री करून, बाईंनी स्वतःच्या हातानं कड शिवून परत दिली. पण अध्यक्षांचं समाधान होईना. पतंग माणसाच्या ताब्यात नसतो, आज चादर नेली, उद्या माणूस नेईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मैदानावर पतंगबंदीचा ठराव आला. त्यावर सचिवांनी सवयीप्रमाणे “बरं” म्हटलं आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला. तिथेही “बरं.” शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला: रविवारी प्रात्यक्षिक दाखवा. पतंग ताब्यात असतात असं दिसलं तर ठीक, नाहीतर त्याच जागी बंदी.

वारा नीट लागेल असं दुसरं मैदान होतं ते शहराबाहेर. मास्तरांचे विद्यार्थी, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, चष्मेवाल्यांचं दुकान हे सगळं सांभाळून तिकडे रोज सोडाच, महिन्यातून एकदाही चौघं जमले नसते. बंदी आली की चमू मोडला, हे सगळ्यांना कळत होतं. चष्मेवाले तर आताच निरोपाचं बोलायला लागले होते.

“मोडायला मी काय मेले नाही,” बाई त्यांना म्हणाल्या. “मुठी धरा.”

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं. शनिवारी मास्तरांच्या गाडीत एक नवशिक्या बसला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यात त्याला काही फरक वाटत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर ओरडून ओरडून मास्तरांचा घसा पार बसला. रविवारी सकाळी ते मैदानावर आले तेव्हा तोंडातून नुसती हवा येत होती.

बाईंनी यजमानांना गाठलं. समितीकडे हातात धरायचा एक भोंगा होता. “अहो, तो भोंगा मास्तरांना द्या. त्यांचा आवाज बसलाय.”

“बरं,” यजमान म्हणाले, आणि भोंगा घेऊन स्वतःच खुर्च्यांपाशी जाऊन उभे राहिले. समितीची वस्तू होती, अशी कुणाला द्यायची कशी. शिवाय त्यांना लोकांना मागे सरकायला सांगायचं होतं. त्या भोंग्याचं बटण एकदा दाबलं की आत अडकून बसे. ते दुरुस्त करून घ्या असं मागे कुणीतरी सुचवलं होतं, तेव्हाही सचिव “बरं” म्हणाले होते.

प्रात्यक्षिक सुरू झालं. वारा पाठीवर घेऊन चौघं एका ओळीत उभे राहिले. समोर चार पतंग डावीकडून उजवीकडे ओळीनं निघाले. मागे खुर्च्यांवर वसाहत बसली होती. सचिवांनी लोकांना मागे सरकवलं, बटण आत अडकलं, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अध्यक्षांचा होता. ते उशिरा निघाले होते आणि मैदानाच्या पलीकडच्या आपल्या इमारतीतून सरळ मैदान ओलांडून येत होते, म्हणजे थेट पतंगांच्या खालून. सचिवांनी एका हातानं फोन कानाला लावला. दुसऱ्या हातातला भोंगा तसाच तोंडासमोर राहिला.

मास्तरांनी “उजवं वळण” असं कसंबसं घोगरं सांगितलं. ते शेजारच्या डॉक्टरीणबाईंना ऐकू आलं, त्यांनी पुढे पोचवलं. आता इशारा. मास्तरांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. पतंग वाऱ्याच्या कडेपर्यंत, जिथे त्याचा जोर संपतो तिथवर, जाऊन पोचले. सगळे कान टवकारून वाट बघत होते.

“माझी खुर्ची पुढच्या रांगेत ठेवा,” फोनवर अध्यक्ष म्हणाले.

“बरं,” भोंगा गरजला.

चौघांचे उजवे हात एकदम मागे गेले. चार पतंग काटकोनात वळले आणि नाक खाली करून सरळ जमिनीकडे सुटले. कापडाचं थान फाडल्यासारखा आवाज झाला. खाली मैदानाच्या मधोमध अध्यक्षांनी वर बघितलं.

“अहो, हे माझ्या अंगावर येताहेत!”

“बरं, बघतो,” सचिव म्हणाले. त्यांचं लक्ष अध्यक्षांची खुर्ची शोधण्यात होतं.

पतंग पुन्हा वळले आणि डोक्याच्या उंचीवरून ओळीनं डावीकडे निघाले. अध्यक्षही डावीकडेच पळत होते. चष्मेवाले पुटपुटले की खाली कुणीतरी दिसतंय. मास्तरांनी मान हलवली. त्यांना वाटलं बाईंनीच कुणाला तरी भोंग्यावरून इशारा द्यायला सांगितलंय, बाईंना वाटलं मास्तरांना आवाज फुटला, आणि इशारा आला की अक्कल चालवायची नाही हा नियम तर होताच.

“थांबवा त्यांना, सचिव!”

“बरं, बरं,” सचिव म्हणाले, मायेनं.

हे जोडीचं ‘बरं’ ऐकलं आणि बाईंनी आवाज ओळखला. बहिणीकडे जाऊ या म्हटल्यावर यायचं तेच. मागे न वळताच त्यांना सगळं समजलं: भोंगा कुणाच्या हातात आहे, फोनवर कोण आहे आणि खाली कोण पळतंय. थांबायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण तीस वर्षांत पहिल्यांदाच या माणसाच्या ‘बरं’नं जगात काहीतरी घडत होतं, आणि ते थांबवणारी बाई आपण व्हायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांचा हात दोनदा मागे गेला. पतंग वर चढले आणि उजवीकडे वळले.

“अहो, थांबवा म्हटलं ना!”

“बरं साहेब.”

पतंग पुन्हा खाली सुटले. अध्यक्षांना पळता भुई थोडी झाली. त्यांची एक चप्पल मैदानातच राहिली. कडेला एक लोखंडी बाक होता, त्याच्याखाली ते शिरू लागले.

“माझी चप्पल!”

“बरं, आणतो.”

पतंग बाकावरून सरसरत गेले.

“मी बाकाखाली आहे!” अध्यक्षांनी फोनवर सांगितलं.

“बरं,” सचिव म्हणाले. “तिथेच बसा, सावली आहे.”

चारही पतंग एकदम वर चढले आणि अगदी माथ्यावर जाऊन थांबले. खुर्च्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं देखणं प्रात्यक्षिक वसाहतीनं पाहिलं नव्हतं, आणि अध्यक्षांनी त्यात स्वतः भाग घेतला याचं लोकांना विशेष कौतुक वाटलं.

अध्यक्ष गवतानं माखून, एक चप्पल घालून, मैदानाला लांबून वळसा घेऊन खुर्च्यांपाशी पोचले. रागानं त्यांचा आवाज चिरकत होता. पतंग ताब्यात नसतात हे सिद्ध झालं, आता बंदी, असं त्यांनी जाहीर केलं.

बाईंनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मुठी हातात होत्या, पतंग माथ्यावर होते. त्या पाठमोऱ्याच बोलल्या, “अध्यक्षसाहेब, चारपैकी एक तरी पतंग चुकीचा वळला का?”

“माझ्या अंगावर आले ते, वहिनी!”

“तुमच्या अंगावर आले, पण चारही एकसारखे आले ना? सांगितलं तेव्हा वळले, नाही सांगितलं तेव्हा थांबले. याहून जास्त ताब्यात आणखी काय असतं?”

“पण सांगितलं कुणी?”

चष्मेवाल्यांनी मोठ्या नम्रतेनं सांगितलं की इशारे सचिवसाहेबच देत होते. अध्यक्ष सचिवांकडे वळले. सचिवांचा चेहरा पांढरा पडला. ते दोन पावलं मागे सरले, पण भोंगा काही तोंडापासून बाजूला झाला नाही.

“मी फक्त ‘बरं’ म्हणालो,” ते म्हणाले.

चार पतंग सर्रकन वळले. अध्यक्ष दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसले. पतंग वाऱ्याच्या कडेला जाऊन पुन्हा थबकले आणि खुर्च्यांवर एकच हशा पिकला. अध्यक्षांच्या सहनशक्तीचा तिथेच शेवट झाला.

“हे बघा सचिव,” उठून उभे राहत ते म्हणाले, “आत्ता, इथे, सगळ्यांसमोर निर्णय सांगायचा. पतंग चालणार की नाही? तो शब्द तोंडातून काढायचा नाही. हो किंवा नाही.”

सचिव घामाघूम झाले. आयुष्यात त्यांनी होकार दिला नव्हता तसा नकारही दिला नव्हता, आणि आता दोन्हीकडून कोंडी झाली होती. एकीकडे अध्यक्ष, एकीकडे बायकोची पाठ. पाठ निदान आपल्याकडे बघत नाही, असा हिशेब त्यांनी केला असावा. त्यांनी श्वास घेतला.

“नाही,” भोंगा म्हणाला. “आजपासून मैदानावर पतंग उडवायचे नाहीत. ऐकलंस का गं? नाही म्हणजे नाही.”

बाईंनी ते ऐकलं. नळासाठी, दिव्यासाठी, बहिणीसाठी इतकी वर्षं त्या एका स्पष्ट शब्दाची वाट बघत होत्या. तो शेवटी आला आणि खर्च झाला कशावर, तर त्यांच्या रविवारवर. बाईंना खरोखर राग आला. शेजारी डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, “ताई, उतरवायचे का?” चष्मेवाले मुठी सैल सोडायच्या बेतात होते. मास्तर घसा धरून बाईंकडे बघत होते.

बाईंनी पाय जरा फाकवून घट्ट रोवले. मग मागे न वळता, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, पण अगदी शांतपणे, त्या म्हणाल्या,

“बरं.”

चार उजवे हात मागे गेले. चार पतंग एका ओळीत वळले आणि थान फाडत खाली निघाले. अध्यक्ष सचिवांना विचारत होते की वहिनी तर बरं म्हणाल्या, मग हे काय चाललंय? सचिवांनी भोंगा खाली केला आणि ते खुर्चीवर बसले. त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे त्या मैदानावर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“बरं,” बाई पुन्हा म्हणाल्या, आणि पतंग डावीकडे वळले.