आदी भांग, मंग खिचडी

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीला सुटली. पण सलोमीकाकूंबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे.

आमच्या येरमाळ्याच्या गल्लीत काकू समोरून येताना दिसल्या तर आधी डोक्यावरून हात फिरवून घ्या. केस विस्कटलेले असतील तर सुटका नाही. कमरेच्या पिशवीतून फणी निघते, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरलेलं खोबरेल निघतं आणि भर रस्त्यात काकू तुमचा भांग पाडतात. एकदा एक पुढारी मतं मागायला आले. काकू म्हणाल्या, "मत दिऊ की. आदी खाली वाका." पुढारी आशीर्वादाला वाकले आणि तेल निथळत उठले.

काकू ख्रिस्ती आहेत, एकट्याच राहतात. प्रार्थनाघराच्या ओसरीवर रोज दुपारी गल्लीतल्या पोरांना खिचडी करून घालतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं जास्त. माझी धाकटीही तिथंच जेवायची. रांगेत काकू पोरांची ताटली नाही, डोकं बघतात. "आदी भांग, मंग खिचडी." हे वाक्य गल्लीत कुत्र्यालासुद्धा पाठ झालंय.

तांदूळ-डाळ मात्र परदेशातल्या एका चर्चकडून यायची, धाराशिवच्या पाळकसाहेबांच्या हातून. यंदा त्या चर्चची माणसं स्वतःच यायची होती. इथल्या गरीब मुलांची सेवा करायची, फोटो काढायचे, ते तिकडं दाखवायचे, मग वर्षाचा शिधा ठरायचा. आदल्या दिवशी पाळकसाहेब काकूंना सांगायला आले.

"काकू, पोरं असतात तशीच राहू द्या. साधी."

"साधी म्हंजी?"

"म्हणजे... फार नटवू नका."

"फोटू काढनार हायत का न्हाय?"

"काढणार आहेत."

"मंग?"

फोटो आहे आणि नटायचं नाही, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगणार?

दुसऱ्या दिवशी गाडी आली, तेव्हा सगळी पोरं लग्नातले कपडे घालून उभी होती. एकानं आजोबाचा फेटा बांधला होता. दुसऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. पोरींच्या वेण्यांना लाल रिबिनी आणि सगळ्यांच्या कपाळावर तेलाचे ओघळ. पाहुण्यांनी पाळकसाहेबांना काहीतरी विचारलं. साहेब घाम पुसत म्हणाले, "विचारतायत, लग्न कुणाचं आहे? आणि गरीब मुलं कुठं आहेत?"

"हीच की," काकू म्हणाल्या. "गरीब हायत. पारोशी न्हाईत."

पाहुण्यांत ग्रेसबाई नावाची एक तरुण बाई होती. फोटो काढायचं काम तिचं. हसून बोलणारी, चांगली होती. तिनं एका लहान पोरीला जवळ घेतलं, तिची रिबीन सोडली, एक वेणी मोकळी केली आणि रिकामी ताटली हातात देऊन मातीत बसवलं. डोळ्याला कॅमेरा लावला, तर समोर काकू. हातात खिचडीची पळी.

"ऊठ गं पोरी."

"काकू, ऐका माझं," पाळकसाहेब काकुळतीला आले. "फोटो मनाला लागला नाही तर तांदूळ बंद होईल."

मागून बायाही बोलायला लागल्या. "काकू, जाऊ द्या की! केस काय, उद्या इंचरता येतील." मलाही धाकटीची ताटली दिसायला लागली. वाटलं, आजच्या दिवस काकूंनी गप्प बसावं.

"बंद झाला तर झाला. दारोदार मूठमूठ मागीन. पर रडका फोटू काढू देनार न्हाय."

मग काकू घरात गेल्या आणि एक जुनं छापील पान घेऊन आल्या. भूकंपात काकूंचं गाव गेलं, त्या पत्र्याच्या छावणीत राहिल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पानावर पाच-सहा वर्षांची एक पोर होती. तोंड वाकडं करून रडणारी. एका बाजूला घट्ट वेणी, दुसऱ्या बाजूला केस मोकळे. खाली इंग्रजी अक्षरं.

"वाचा, पाळकसाहेब."

"'भुकेलं मूल'," साहेबांनी हळूच वाचलं.

"भुकेली नव्हती माजी रिबका. भाकर खाऊन बसली हुती. म्या केसाचा गुंता सोडवत हुते म्हनून बोंबलत हुती. तेवढ्यात फोटूवाला आला. म्या म्हनलं, सायेब, जरा थांबा, दुसरी येनी ऱ्हायलीय. न्हाय थांबला. त्याच थंडीत तापानं गेली. माज्यापशी तिचा दुसरा फोटू न्हाय."

पाळकसाहेबांनी ते ग्रेसबाईला सांगितलं. ती मातीतच बसली आणि त्या पोरीची सोडलेली वेणी पुन्हा घालायला लागली. तिला येत नव्हतं. काकूंनी थोडा वेळ बघितलं. "सोड. दावं वळतीस का काय?" म्हणून वेणी हिसकावून घेतली. मग सगळ्या पोरांचा फोटो निघाला, फेट्यासकट.

तांदूळ पुढं आला, पण निम्मा. उरलेला काकू खरोखरच दारोदार मागतात. मागताना आवाज असा, की वाटावं वसुलीला आल्यात. पोरं अजून जेवतात.

पाहुणे गेल्यावर एकदा मी ओसरीवर भांडी घासत होते. काकू म्हणाल्या, "गोदे, भूकंपाच्या वक्ताला तू केवढी हुतीस?"

"असेन की पाच-सहा वर्षांची."

काकूंनी पिशवीतून फणी काढली. पाट पुढं सरकवला. "बस."

मी हात पुसून बसले. काकूंनी एक वेणी घातली. मग दुसरी. दुसरीला फार वेळ लावला.

आता दर रविवारी त्या मला बसवतात. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, त्यावर लाल रिबिनी बांधतात आणि मी तशीच गिरणीवर दळण घेऊन जाते. बाया तोंडाला पदर लावतात. "काय गोदाबाई, गॅदरिंग हाय का काय?"

मी दळण तोलायला ठेवते. पण पदर डोक्यावर घेत नाही.