सासूबाईंसाठी ब्रियाम

भाजी शिजवणं यात अवघड ते काय, असं मी पहिल्यापासून म्हणत आलोय. पस्तीस वर्षं मी सरकारी भूमापक होतो. डोंगर मोजले, ओढे मोजले, आणि एकदा दोन सख्ख्या भावांना वीतभर जमीन अशी काटेकोर वाटून दिली की दोघेही माझ्यावर सारखेच नाराज झाले. अशा माणसाला चार वांगी आणि तीन बटाटे काय जड जाणार?

पण माझी बायको पोलिक्सेनी हिचा भूमितीवर विश्वास नाही. जुलैत आमच्या मुलीचे, क्रिसांथीचे दिवस भरत आले, तेव्हा पोलिक्सेनीला अथेन्सला जाणं भाग होतं. लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिलं मूल. आई जवळ नको? प्रश्न एकच होता, माझ्या सासूबाई. थेआनोबाई. वय शहाऐंशी, आमच्याच घरात एकतीस वर्षं, आणि पोलिक्सेनीच्या हातचं सोडून कुणाचं जेवण नीट पोटात जात नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, की या उन्हाळ्यात त्या दोन वेळा व्यवस्थित जेवल्या पाहिजेत.

"अस्पासियाबाईंना सांगते, त्या डबा देतील," पोलिक्सेनी म्हणाली.

अस्पासियाबाई म्हणजे समोरच्या गल्लीतल्या. गावातली सगळ्यात चांगली सुगरण, हे गावाचं मत आणि त्यांचंही.

"कुणाला काही सांगायचं नाही," मी म्हणालो. "मी करीन. परसात घेवडा आहे, वांगी आहेत, झुकिनी रोज हातभर वाढतेय. जमीन देते, आपण शिजवायचं. एवढंच तर असतं."

"आई जेवली नाही तर मी पुढच्या बसने परत येईन, लाम्ब्रोस. क्रिसांथी एकटी पडेल. लक्षात ठेव."

"तू निश्चिंत जा," मी म्हणालो, आणि तिला बसमध्ये बसवून आलो.

पहिल्या दिवशी मी टोमॅटोतला घेवडा केला. प्रत्येक शेंग बरोबर पाच सेंटीमीटर. सासूबाईंनी दोन चमचे खाल्ले, ताटली हळूच पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "छान झालंय, जावईबापू. मांजराला द्या."

मांजराने वास घेतला आणि ते शेजारी गेलं.

दुसऱ्या दिवशी झुकिनीचे वडे केले. ते तव्याला असे चिकटले की शेवटी मी तवाच परसात नेऊन ठेवला. सासूबाईंनी पाव आणि ऑलिव्ह खाऊन भागवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिक्सेनीचा फोन.

"आई काय जेवली?"

खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हणालो, "भूक जरा कमी आहे."

"किती कमी?"

"पाव खाल्ला."

ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, बाळ कधीही होईल. इथे हिला सोडवत नाही, तिथे आई उपाशी. उद्या दुपारच्या बसने मी येते."

"आजचा दिवस दे मला. आज मी ब्रियाम करतोय. सासूबाई ताटली चाटूनपुसून खातील. नाही खाल्ली तर मी स्वतः तुला फोन करीन."

ब्रियामसारखा साधा पदार्थ जगात नसेल. बटाटा, वांगी, झुकिनी, कांदा, टोमॅटो चिरायचे, लसूण, मीठ, भरपूर तेल, आणि परातीत घालून भाजायचं. मी पट्टी घेऊन बसलो. दोन सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे, एकूण एक सारखे. परात अशी दिसत होती की फोटो काढून जुन्या कचेरीत लावावा. मग तेलाचा डबा उचलला, तर तळाला दोन थेंब.

तेवढ्यात खिडकीत एक बाटली दिसली. अर्धा लिटर, लालबुंद तेल, आत काहीतरी पानं-फुलं मुरलेली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोलिक्सेनीच्या हाताला जी चव आहे ती हाताला नाहीच, ती या बाटलीत आहे! इतकी वर्षं पोलिक्सेनी ही बाटली नजरेसमोर ठेवते आणि आपल्याला पत्ता नाही. मी अख्खी बाटली परातीवर ओतली.

उन्हाळ्यात आमच्याकडे घरात भट्टी पेटवत नाहीत, माणसंच भाजून निघतील. भट्टीतून पाव निघाले की दहाच्या सुमाराला बायका आपापल्या पराती कागद झाकून मिनासच्या बेकरीत नेऊन देतात आणि एक वाजता घेऊन जातात. मीही नेली.

"नाव लिहू का परातीवर?" मी विचारलं.

मिनास हसला. "अरे लाम्ब्रोस, चाळीस वर्षं या गावच्या पराती बघतोय. माणसं विसरेन, पराती नाही."

एक वाजता त्याने परात हातात दिली. घरी आणून कागद काढला आणि त्या वासाने माझं मलाच कौतुक वाटलं. तुकडे तेवढे चौकोनी राहिले नव्हते, गोल चकत्यांसारखे दिसत होते. भट्टीच्या आचेने कोपरे विरघळले असणार, असा मी अंदाज केला. शास्त्रीय दृष्टीने ते शक्य आहे.

सासूबाईंनी एक घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मग ताटली संपवली, पावाने पुसली, आणि ताटली माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "लाम्ब्रोस, अजून वाढ."

एकतीस वर्षांत या बाईंनी मला नावाने हाक मारली नव्हती. अरे-तुरे तर दूरच. मी काठोकाठ वाढलं. दुसरी ताटलीही संपली. मी लगेच पोलिक्सेनीला फोन लावला.

"दोन ताटल्या," मी म्हणालो. "तू अथेन्सला घर घेतलंस तरी चालेल."

ती हसली. खूप दिवसांनी मोकळी हसली. "मग राहते मी," म्हणाली.

चार वाजता सासूबाई झोपून उठल्या आणि म्हणाल्या, "जरा गुडघ्याचं तेल दे रे. खिडकीत आहे. लाल बाटली."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि रिकाम्या बाटलीकडे बघत उभा राहिलो. मागच्या उन्हाळ्यात पोलिक्सेनी डोंगरावरून कसली पिवळी फुलं आणि कडू झुडपं आणून चाळीस दिवस उन्हात मुरवत होती, ते मला तेव्हा आठवलं. शहाऐंशी वर्षांच्या बाईला मी गुडघ्याला चोळायचं तेल दोन ताटल्या भरून खाऊ घातलं होतं.

बाटली घेऊन मी चपलांशिवाय औषधांच्या दुकानापर्यंत पळत गेलो. दुकानातल्या बाईंनी बाटली हुंगली, बोट फिरवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"विष नाही. घाबरू नका. जास्तीत जास्त पोट बिघडेल. पण हे खाल्लं कुणी?"

"सासूबाईंनी. दोन ताटल्या."

"शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "याचा एक घास गिळला तर दुसरा कोणी घेणार नाही. इतकं कडू आहे हे."

मी दाराशी उभा राहून विचार केला. भूमापक माणूस, पुराव्यावरून निष्कर्षाला येतोच. सासूबाईंनी दुसरा घास घेतला होता. दुसरी ताटली घेतली होती. म्हणजे ते ब्रियाम माझं नव्हतं. आणि तुकड्यांचे कोपरेही विरघळले नव्हते.

मग माझं ब्रियाम कुणाच्या पोटात गेलं?

तसाच अनवाणी बेकरीत गेलो. दार अर्धवट लावलेलं, आत मिनास पिठाच्या पोत्यावर डोकं धरून बसलेला.

"बरं झालं तूच आलास," तो म्हणाला. "माझी भट्टी गेली."

"कुठे गेली?"

"अस्पासियाबाई येऊन गेल्या. आज त्यांच्याकडे मुलाच्या होणाऱ्या सासरची माणसं आलीत, त्रिपोलीहून गाडी करून, पहिल्यांदाच. त्यांनी ब्रियाम वाढलं ते काढ्यासारखं कडू. म्हणाल्या, तीस वर्षं हेच करतेय, माझ्या हाताचं कधी बिघडलं नाही, तुझ्याच भट्टीचा दोष. बरोबर आहे त्यांचं. धुरांडं फुटलं असणार आणि धूर आत उतरत असणार. गवंड्याला बोलावलंय. भट्टीचा घुमट फोडून बघायला लागेल. उद्या गावाला पाव नाही." मग त्याने माझ्याकडे आशेने पाहिलं. "तू मोजमापातला माणूस. तेवढं बघून सांग, भट्टी कुठे कलली आहे का?"

खरं सांगतो, त्या क्षणी माझं मन डळमळलं. मी पट्टी मागून घेतली, भट्टीच्या तोंडाशी वाकलो आणि मोजलं. भट्टी डावीकडे चांगली बोटभर कललेली होती. ती मिनासच्या आजोबांच्या काळापासून कललेली असणार, पण कललेली होती. मी नुसतं "हो, कललीय" म्हटलं असतं, तरी त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

इतक्यात गवंडी आला. त्याने सदरा काढून खुंटीला लावला, हातोडा उचलला, आणि मिनासने तोंड फिरवलं. त्याच्या आजोबांनी बांधलेली भट्टी होती ती.

"थांब," मी म्हणालो. "भट्टीला काही झालेलं नाही. त्या परातीत माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल होतं."

सगळं सांगितलं. गवंडी आधी हसला, मग मिनास हसला, आणि मग आपणच पराती बदलल्या हे ध्यानात आल्यावर मिनास हसायचा थांबला.

"अस्पासियाबाईंना कोण सांगणार?" त्याने विचारलं.

"दोघांनी जायचं," मी म्हणालो.

आम्ही गेलो. पाहुण्यांची गाडी नुकतीच निघाली होती. अस्पासियाबाई अंगणात खुर्चीवर पाय पसरून बसल्या होत्या. मी उभ्यानेच कबुली दिली.

"लाम्ब्रोसराव," त्या म्हणाल्या, "मुलीच्या आईने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे पाणावले. मला वाटलं, किती हळवी बाई. तिने सभ्यपणाने सगळं संपवलं. तिने संपवलं म्हणून नवऱ्याने संपवलं. ते दोघं खातायत म्हणून मीही खाल्लं."

"मला क्षमा करा."

"आणि माझा मुलगा, तो गाढव, त्याने मला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा वाढून घेतलं. ते बघून मुलगी जी हसायला लागली ती थांबेचना. तिच्यामुळे तिचे आई-बाप हसले. सकाळपासून सगळे ताठ बसले होते, एकमेकांना मीठ देतानासुद्धा आभार मानत होते. त्यानंतर मोकळेपणाने बोलले. साखरपुडा ठरला, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"सोडू नका एवढ्यात," त्या म्हणाल्या. "निघताना विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या घरचं ते खास ब्रियाम साखरपुड्याला नक्की करा. मी हो म्हणून बसलेय. साठ माणसं आहेत. तेल किती लागेल?"

त्या रागावल्या नव्हत्या असं नाही. दंड म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात हजेरी लावायची ठरलं. तिथे माझी पट्टी त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर टाकली. बटाटा पातळ, वांगं जाड, कारण बटाटा उशिरा शिजतो. मीठ लावून वांग्याचं पाणी काढायचं. टोमॅटो किसून घालायचा. सगळं सारखं कापायचं ही माझी चूक होती, असं त्या म्हणाल्या. भाज्या म्हणजे भावांची जमीन नाही.

घरी मी सासूबाईंनाही खरं सांगून टाकलं, की ते ब्रियाम माझं नव्हतं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "अस्पासिया लसूण चिरत नाही, ठेचते."

"मग मला नावाने हाक का मारलीत?"

"तोंडात घास होता. जावईबापू म्हणायला वेळ लागतो."

पण त्यानंतर त्या लाम्ब्रोसच म्हणत राहिल्या, आणि माझ्या हातचं जेवतही राहिल्या. भेंडी, भरलेले टोमॅटो, वांग्याचं भरीत, एकदा पुन्हा घेवडा. रोज एक ताटली, कधी दीड. रोज बाराच्या ठोक्याला विचारायच्या, "आज काय करतोयस?" मी समोर बसून त्यांच्याबरोबर जेवायचो. सहाव्या दिवशी अथेन्सहून फोन आला. मुलगी झाली होती, आणि पोलिक्सेनी तिच्या शेजारी होती.

तीन आठवड्यांनी पोलिक्सेनी परत आली. आईकडे नीट निरखून बघत म्हणाली, "आई, गाल वर आलेत तुझे."

मी खुर्ची ओढून बसलो. कौतुक बसून ऐकलेलं बरं.

"माझं सोड," सासूबाई म्हणाल्या. "तुझा नवरा बघ. दिला तसा परत केला की नाही?"

"म्हणजे?" मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी पोलिक्सेनी म्हणाली, "अरे, मागे आईला घेऊन मी आठवडाभर गेले होते तेव्हा तू पाव आणि चीज खाऊन दिवस काढलेस. चार किलो वाळला होतास. म्हणून जाताना आईला सांगितलं, तू त्याच्याकडे रोज जेवायला माग. तुझ्यासाठी म्हणून तो शिजवेल, आणि शिजवलंय म्हणून स्वतःही खाईल."

तीन आठवडे मी ज्यांना सांभाळत होतो त्या बाई मला सांभाळत होत्या.

"एक विचारू?" मी सासूबाईंना म्हणालो. "जबाबदारी तुमच्यावर होती, तर मग पहिल्या दिवशीचा घेवडा का नाही खाल्लात?"

सासूबाईंनी काठी टेकली आणि उठल्या.

"जेवायचं कबूल केलं होतं, लाम्ब्रोस," त्या म्हणाल्या. "जीव द्यायचं नव्हतं."