दाराबाहेरचे सात जोड

रोज साडेदहाला कराळेकाका ऑफिसच्या दारात उभे राहून चपलांचे जोड मोजत. सात भरले नाहीत की फोन लावत, "निघालास ना रं?"

कंपनीने मुंबईचं मोठं ऑफिस मोडून गावोगावी छोटी ऑफिसं काढली, त्यातलं आमचं कर्जतचं. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही सात जण. काका हेडक्लार्क, पण फरशी स्वतः पुसत. त्यामुळे चपला बाहेर काढायचा नियमही त्यांचाच.

पुढे घरून काम करायची मुभा मिळाली आणि जोड घटत गेले. मोहोपाड्याची सुजाता महिन्यातून एकदा उगवायची. मी भिवपुरीहून यायचो, तेही त्या फोनच्या धाकाने.

मग निरोप आला. मंगळवारी कंपनीच्या मोठ्या मॅडम पाहणीला येणार. निम्मी माणसंसुद्धा दिसली नाहीत, तर एक तारखेपासून ऑफिसला कुलूप. काकांनी सगळ्यांना बजावलं. सगळे "हो" म्हणाले.

मंगळवारी पोचलो तर दाराबाहेर सहा जोड. मी सातवा लावला आणि सुटलो एकदाचे म्हणत आत शिरलो. आत काका एकटेच, घामाघूम.

"बाकीचे?"

"गप बस रं."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मॅडमनी सँडल काढता काढता ती रांग पाहिली आणि खूश झाल्या. आत येऊन पाच रिकाम्या खुर्च्या पाहिल्या.

"बाकीचे कुठे आहेत?"

"चहाला गेल्यात."

"अनवाणी?"

मला हसू फुटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"माज्या घरच्या हायत, मॅडम. हिच्या, पोराच्या, सुनेच्या. ही गेली, पोरं पुन्याला. घरी कोन घालतंय आता?"

मॅडमनी पाहणीचा कागद पुढे ओढला. शेवटी जे लिहायचं तेच त्यांनी लिहिलं. ऑफिस बंद झालं.

एक तारखेला मी लॅपटॉप उचलला आणि न विचारता पोशीरला काकांच्या घरी गेलो. पडवीत चपला काढल्या. काका बाहेर आले, माझ्याकडे न बघता आधी खाली पाहिलं.

"एक," म्हणाले, आणि खिशातून फोन काढून सुजाताला लावला.

"निघालीस ना गं?"