प्रिंटरच्या जागेवर कॉम्प्रेसर

"रिझर्व्ह कशाला करायचं? कॉम्प्युटर आपला, कार्ड आपलं, तिसरा येतोय कोण!" असं म्हणून रेहानने ती एक ओळ सरळ गाळली.

दोन हजार सालची गोष्ट. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला त्याच्या गनीचाचांचं कोळंबीचं शीतगृह होतं. तिथला कॉम्प्रेसर, पंखे, सायरन, सगळं कॉम्प्युटरवर चालवायचं, असं रेहानने मनावर घेतलं. त्यांची बटणं दाबणारं एक कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं आणि लिनक्सवर ड्रायव्हर लिहिला, म्हणजे कार्डाला हुकूम सोडणारा प्रोग्राम. अशा ड्रायव्हरने कार्डाचा पत्ता कर्नलकडे, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याकडे, आधी राखून घ्यायचा असतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसा. रेहान रुमाल न टाकताच जाऊन बसला!

मुंबईचे निर्यातदार महिपतराव माल बघायला आले. थंडावा बघून खूश झाले. चाचा ऐटीत म्हणाले, "कौसर, साहेबांना मालाचा तपशील छापून दे!"

ऑफिस सांभाळणाऱ्या कौसरने प्रिंटर सुरू केला. कर्रर्र! आणि आतला कॉम्प्रेसर बंद! चालू! बंद! पंख्यांना उचक्या लागल्या. सायरन बोंबलला.

"अमोनिया वायूची नळी फुटली, पळा!" कुणीतरी ओरडलं. महिपतराव अनवाणी फाटकापर्यंत पोचले!

कागद संपला आणि सगळं गप्प झालं. रेहान घामाघूम. पडद्यावर चूक म्हणून एक दिसेना.

"कॉम्प्रेसर जळला तर दर्यात बुडवीन तुला!" चाचा गरजले. मग साहेबांना हाताला धरून परत आणत म्हणाले, "कौसर, कागद फाटला गं गडबडीत. पुन्हा छाप!"

कर्रर्र! पुन्हा सायरन! या खेपेला रेहानचे कान टवकारले. प्रिंटर थांबला की सायरन थांबतोय!

"बंद कर तो प्रिंटर!"

"अरे, अर्धंच पान झालंय!"

रेहानने प्लगच उपटला. कार्डाचा आणि प्रिंटरचा पत्ता एकच निघाला होता. छापलेलं एकेक अक्षर कॉम्प्रेसरलाही हुकूम सोडत होतं!

त्याने गाळलेली ओळ लिहिली आणि ड्रायव्हर चढवला. कर्नलने साफ नकार दिला. जागा प्रिंटरने आधीच घेतलेली! आता कॉम्प्रेसर सुरूच होईना. आत पारा चढू लागला.

"झाली का रे दुरुस्ती?"

"झाली, चाचा. म्हणूनच चालत नाहीये."

"मग काढ ती दुरुस्ती!"

"काढली तर सायरन!"

चाचांनी कपाळाला हात लावला. रेहानने कॉम्प्युटर बंद केला, झाकण उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर दोनदा हातातून निसटला. कार्डावरची पत्ता ठरवणारी चिमुकली पिन काढून शेजारच्या जागी बसवली, नवा पत्ता ड्रायव्हरमध्ये घातला आणि बटण दाबलं.

घर्रर्र! कॉम्प्रेसर धडधडला. प्रिंटरही शहाण्यासारखा फक्त छापू लागला. कोळंबी बचावली, सौदा पक्का झाला!

"पोरगा कोण हो हा?" महिपतरावांनी विचारलं.

चाचांची छाती फुगली. "माझा पुतण्या. अख्ख्या रत्नागिरीत असा ड्रायव्हरवाला नाही!"

"मग झालं तर! मालाचा ट्रक घेऊन यालाच मुंबईला पाठवा."

चाचांनी उत्साहात मान डोलावलीसुद्धा. रेहानला सायकलही धड येत नव्हती!